गाळलेल्या जागा

ता. ७ जून

चि. धाकट्यास आक्काचे अनेक आशीर्वाद.

नेहमीप्रमाणे मी सांगतेय आणि तुझे भाऊजी लिहिताहेत. आमच्या गणवेशाच्या कारखान्यात कटिंगच्या सुपरवायझर बाई निवृत्त होताहेत. मालकीणबाई म्हणाल्या, हात तुझा सगळ्यांत सरस, पण ऑर्डरचा कागद वाचता यायला हवा. मी तर शाळेची पायरीही चढलेली नाही. लॉन्ड्रीच्या वरच्या खोलीत मोठ्या माणसांना कॉम्प्युटरवर शिकवतात, तिथे नाव घातलं. कानाला हेडफोन लावायचा. तो 'क' म्हणतो, आपण 'क' शोधायचा. चुकलं तर रागावत नाही, नुसतं पुन्हा 'क' म्हणतो. इतका सोशिक मास्तर मी पाहिला नाही. तूही मास्तरच आहेस, वाईट वाटून घेऊ नकोस.

(घरात वाचणारा माणूस असताना वीज का जाळायची, हे कळत नाही. — लेखनिक)

पत्राला उशीर झाला तरी चालेल, मायेला नको.

आक्का

ता. १९ जून

ती. आक्कास धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून खुर्चीतून ताडकन उठलो. वर्गात होतो, मुलंही उठली.

अकरा वर्षं प्रत्येक पत्राच्या शेवटी मी एकच लिहितोय, की आक्का, वाचायला शीक, मी सुट्टीत येऊन शिकवतो. त्यावर तू कधी उत्तर दिलं नाहीस. मला शाळेत घातलं आणि तुला घरी ठेवलं, त्याचा राग तू धरून आहेस असं समजून चाललो. यायलाही कचरलो. राग असला तर असू दे, वर्ग सोडू नकोस.

लोभ आहेच, तो पातळ होऊ नये ही विनंती.

धाकटा

ता. २ नोव्हेंबर

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

हे मी स्वतः लिहितेय, वर्गातल्या कॉम्प्युटरवर, दोन बोटांनी. तीन दिवस लागले. ऑर्डरचा कागद वाचून दाखवला. मालकीणबाईंनी मुद्दाम डॉक्टरसारखं अक्षर काढलं होतं. सोमवारपासून मी सुपरवायझर.

सरावाला तुझी जुनी पत्रं काढली. हे वाचून दाखवायचे, पण एकाही पत्राची शेवटची ओळ मी कधी ऐकली नव्हती, आणि जूनचं पत्र तर निम्मंच ऐकलं होतं. वाटलं, आपलंच वाचायला चुकतंय. चुकत नव्हतं. ह्यांना विचारलं. ते गिऱ्हाइकाचं घड्याळ उघडून बसले होते. आधी काटा बसवला, मग म्हणाले, तू वाचायला लागलीस तर मला कोण विचारणार?

दोन दिवस मी सगळी पत्रं तारखेप्रमाणे लावत बसले. तिसऱ्या दिवशी त्यांना समोर बसवून अकरा वर्षांच्या सगळ्या शेवटच्या ओळी वाचून दाखवल्या, अडखळत. मदत करू दिली नाही. ऐकताना त्यांनी एकदाही मान वर केली नाही. शेवटी म्हणाले, जोडाक्षरं चांगली वाचतेस.

तुझ्यावर राग कधीच नव्हता. सुट्टीत ये. शिकवायला नको, नुसता ये. आणि ह्यांच्या नावाने वेगळं पत्र धाडत जा. पोस्टमन आला की अजून तेच आधी उठतात.

तुझी
आक्का