देवणीची गाय, अर्धापूरच्या बांगड्या

नांदेड

प्रिय मंजू,

बाळ-बाळंतीण सुखरूप असल्याचं रत्नम्मामावशींकडून कळलं. बाळाचं नाक तुझ्यावर गेलंय म्हणे. बरं वाटलं. मी नांदेडातच आहे. तपास संपला, पण जेवण अजून धड जात नाही. शिरूर अनंतपाळच्या शाळेत माझा डबा तू पळवायचीस आणि मी भांडायचे. आता कुणी न पळवताच तो भरलेला परत येतो.

तुझ्या नवऱ्याचं, रुद्रेशचं नाव पुढे आलं तेव्हा मी साहेबांना सांगितलं, हे माझ्या मैत्रिणीचं घर आहे. त्यांनी त्याच्या उदगीरच्या दुकानाची झडती दुसऱ्यांकडे दिली. पण देवणी आणि अर्धापूर या दोन्ही जागी आधीच मी गेले होते.

देवणीजवळ दगडोबा नावाच्या म्हाताऱ्याची गाभण गाय शेतात बॉम्बने मेली. डुकरांसाठी ठेवलेला गावठी बॉम्ब असेल म्हणून गाव गप्प बसलं, दगडोबानं मात्र तक्रार दिली. जनावरांच्या डॉक्टरांनी पोट उघडलं तेव्हा मी तिथं उभी होते. आत वासरू होतं. त्याच्यातही बेअरिंगच्या गोळ्या घुसल्या होत्या. दगडोबा म्हणाला, "मॅडम, मुकं जनावर हाय म्हणून तिच्यावर करून पाह्यलं व्हय?" गाईच्या नावानं ट्रकवाल्यांना रस्त्यात अडवून बडवणारी ही रुद्रेशची टोळी, मंजू. किती लांबपर्यंत माणूस मरेल हे बघायला त्यांनी गाय बांधली.

मग ईदच्या आधी अर्धापूरच्या बाजारात स्फोट झाला. शमीम बांगडीवालीच्या गाड्याखाली पिशवी ठेवली होती. लग्न ठरलेली ऋतुजा नावाची पोरगी तिच्यासमोर हात धरून बसली होती. शमीम तिला चुडा भरत होती. दोघी जागीच गेल्या. कोणता हात कुणाचा, हे आम्हाला बांगड्यांवरून ठरवावं लागलं. काचेत त्याच गोळ्या होत्या. रुद्रेशच्या गोदामात उरलेल्याही त्याच निघाल्या.

चौकशीत साहेबांनी त्याच्यासमोर फोटो ठेवले; दोन्ही जागा मी पाहिलेल्या, म्हणून मी मागे उभी होते. गाईचा बघून म्हणाला, "ट्रायल तर घ्यावीच लागते." शमीमचा त्यानं उलटा करून ठेवला. ऋतुजाचा बघून मात्र चिडला, "ही कशाला तडमडली तिथं? आपल्यातली होती." मग चहा मागितला, साखर कमी म्हणून परत पाठवला. पोलिसात इतकी वर्षं झाली, मेलेल्या माणसांची मला कधी किळस आली नाही. जिवंत माणसाची आली.

परवा तू फोनवर रडत म्हणालीस, "स्वप्ने, साक्षीत जरा मऊ बोल. लेकराकडं बघ." त्याचं उत्तर म्हणून हे लिहिते आहे. त्याच्या वकिलाला दाखवलंस तरी चालेल. मी मऊ बोलणार नाही. वासरासकट सगळं सांगणार आहे. रुद्रेश तुला यातलं एक अक्षर कधी सांगणार नाही, म्हणून तू ये. बाळाला मावशींपाशी ठेव, इथं नांदेडच्या कोर्टात पुढच्या बाकावर बस आणि माझ्या तोंडून ऐक. तो तेव्हा तुझ्याकडे बघेल. तू शमीमच्या नवऱ्याकडे बघ. तोही त्याच बाकावर बसतो.

अजूनही तुझीच,
स्वप्नाली