सातव्यापासून एक वेळ

चिखला, १६ सप्टेंबर १९७९

ती. सौ. सत्यभामाताईस धाकट्या बहिणीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

इकडे ठीक आहे. ह्यांना खाणीत दिवसपाळी लागली. ताई, आधी खाली बस, मग पुढचं वाच. मला सहावा महिना लागला आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी माझी हृदयाची झडप तपासून काय सांगितलं होतं ते मी विसरले नाही. लेकरू होऊ दिलं तर हिची खात्री नाही, असं ते तुझ्यासमोरच म्हणाले होते. म्हणून तर तुला इतके दिवस कळवलं नाही. लग्नाला नऊ वर्षं झाली. नुसतं जिवंत राहायचा मला कंटाळा आला आहे. कळल्यावर ह्यांनी दोन दिवस अबोला धरला, आता बाजारातून पेरू आणतात. तूही हवं तेवढं रागाव, पण माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी रुखमा

अड्याळ, १ ऑक्टोबर १९७९

चि. सौ. रुखमा हिस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि चूल तशीच सोडून अंगणात जाऊन बसले. मूर्ख आहेस तू. लहानपणी मला न विचारता एक बोर खायची नाहीस, आणि एवढी गोष्ट लपवलीस. यंदा तलावात पाणी नाही. शेतातल्या बांधीतलं धान बोटभर वाढलं नाही तोच घाईघाईनं निसवलं. वर लोंबी आली आणि खाली बुंधा वाळत चालला. ते बघते आणि तुझ्या काळजीनं जीव अर्धा होतो.

आता पाडायची वेळ गेली, तेव्हा सांगते ते कर. सातव्यापासून एकच वेळ जेवायचं. लेकरू बारीक राहिलं की सुटका सोपी होते, तुझ्या छातीवर ताण येणार नाही. आपल्याकडे नाजूक बायांना असंच ठेवतात. माझ्या थोरल्याच्या वेळी सासूबाईंनी मलाही ठेवलं होतं. लेकरू मागाहून दुधावर वाढतं. तुझे भाऊजी एवढंच म्हणाले, "तिले सांग, जीव राखून कर."

हे पत्र फाडू नकोस, उशाशी ठेव.

तुझी ताई

चिखला, २० ऑक्टोबर १९७९

ती. सौ. ताईस शि. सा. नमस्कार.

तुझं ऐकते आहे. सकाळी भात, रात्री नुसतं पाणी. पण दवाखान्यातल्या नर्स लीलाबाई रागावतात. पोट लहान दिसतं म्हणाल्या. सरळच विचारलं, "उपाशी काहून राहून राहिली?" मी पदर ओढून घेतला आणि निघून आले. रात्री भूक लागली की आतून लाथा बसतात. त्यालाही लागत असेल का गं? तुम्हा दोघींपैकी कोणाचं ऐकू ते लिही. तू लिहिशील तेच करीन.

तुझी रुखमा

अड्याळ, २८ ऑक्टोबर १९७९

चि. सौ. रुखमास आशीर्वाद.

नर्सबाई लेकराचं बघते, मी तुझं बघते. आई गेली तेव्हा तू दोन वर्षांची होतीस आणि मी अकराची. तुला पाठीला बांधून मी धानाची रोवणी केली, माझ्या ताटातलं तुला घातलं. खरं लिहिते, मग मला काय म्हणायचं ते म्हण. मला ते लेकरू नको, मला तू पाहिजेस. रात्रीचं जेवायचं नाही.

तुझी ताई

चिखला, ९ जानेवारी १९८०

ती. सौ. ताईस,

बाळंतपण सोपं झालं. तू म्हणालीस तसंच, छातीत कळसुद्धा आली नाही. मुलगा होता. तीन पौंड भरला. ओढायचं त्राण त्याच्यात नव्हतं, मी कापसानं तोंडात दूध पिळत होते. नऊ दिवस राहिला. परवा सकाळी गेला. ह्यांनी एकट्यांनीच टेकडीमागं नेला.

लीलाबाईंनी विचारलं, उपाशी राहायला कोणी सांगितलं होतं. मी कोणाचं नाव घेतलं नाही. सांगणारं कोणीही असो, न जेवणारी मीच होते. डॉक्टर म्हणतात, आता पुन्हा होऊ द्यायचं नाही. ऑपरेशनच्या कागदावर ह्यांनी सही केली.

दूध अजून येतं. भूकही लागते, आता दोन्ही वेळा जेवते. काल आरशात पाहिलं, गाल भरले आहेत.

तुला मी पाहिजे होते. मी आहे, ताई. येऊन बघून जा.

रुखमा