ढब्बूला पुरलं नाही

प्रिय सूनबाई,

कोर्टाने तुला माझी सून म्हणायचं बंद केलं असेल, पण कोर्टाने मला काही विचारलं नव्हतं, तेव्हा मी म्हणणार. आधी खाली बस. आपला ढब्बू गेला. बुधवारी सकाळी, स्वयंपाकघरात. मी भांडी पुसत होते, तो नेहमीसारखा माझ्या पावलावर हनुवटी टेकून पडला होता. मी पाऊल काढलं तर हनुवटी तशीच घसरून फरशीवर गेली. हाक मारली, कान हलला नाही. तडफडला नाही, विव्हळला नाही. म्हाताऱ्या कुत्र्याला याहून बरं मरण नसतं, असं जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि मलाही ते पटलं. पोटभर रडून घे, मीही रडले. पण रडून झालं की पुढचं वाच. पुढे गंमत आहे, आणि माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे तुला माहीतच आहे. फोनवर सांगितलं असतं, पण मी फोन कानाला लावला की आमचे चिरंजीव टीव्हीचा आवाज बारीक करतात. म्हणून कागद. चौथीत शाळा सुटली माझी, काना-मात्रा सांभाळून घे.

तर चिरंजीव बुधवारी गावात नव्हते. ऑफिसने सगळ्यांना कुठल्याशा हॉटेलात नेलं होतं. तिथे टक्कल पडलेले बाप्ये एकमेकांकडे चेंडू फेकतात आणि त्याला काम म्हणतात. मी फोटो बघितलेत, पोट आत ओढून उभे असतात सगळे. मी फोन करून सांगितलं, बाबा रे, ढब्बू गेला. पलीकडे शांत. मला वाटलं, चला, नऊ महिने पोटात वाढवलं ते अगदीच वाया गेलं नाही, लेकरू रडतंय. कसलं रडतंय, हिशेब चालला होता. म्हणाला, आई, तू कशाला हात लावू नकोस. डॉक्टरणीकडे थंड खोली आहे, तिथे ठेवायला सांग. मी शनिवारी येतो, अंगणात माझ्या खिडकीखाली पुरू, वर छान नाव कोरलेला दगड बसवू. आणि त्या दोघी मायलेकींना आत्ताच कळवू नकोस, मीच सांगीन. मी म्हटलं, बरं. मग हा हसला. कुत्रं अजून गरम होतं आणि हा हसला. म्हणाला, आता बघू कशा येत नाहीत ते, थडगं काही मी त्यांच्या घरी पाठवू शकत नाही ना.

ऐकलंस? या माणसाने ढब्बूला कधी अंघोळ घातली नाही. ढब्बू ओकला की हा नाकाला रुमाल लावून गॅलरीत जायचा आणि तिथून मला ओरडून सांगायचा की आई, इथे ओकलाय. पण तू न्यायला आलीस तेव्हा फाटकाला कुलूप घालून उभा होता, की कुत्रा माझा. कुत्रा कसला, गळाला लावलेलं गांडूळ होतं ते. पिटुकलीला ढब्बू हवा तर पिटुकलीने इथे यायचं, पिटुकलीला एकटीला पाठवत नाहीस तर तूही यायचं, आणि तू आलीस की याने सोफ्यावर मांडी घालून तुला तुझ्या चुका समजावून सांगायच्या. मी चहा घेऊन यायची तेव्हा बघायची, तू मान खाली घालून ढब्बूचे कान चोळत बसलेली असायचीस आणि हा बोलतोय, बोलतोय. नळ गळत असला तरी माणूस उठून बंद करतो. याला कोण बंद करणार? आता जिवंत कुत्रा संपला तर मेलेला लावायचा गळाला. मेल्यावरसुद्धा त्या बिचाऱ्याने याच्याच खिडकीखाली राखण करायची.

आता मला विचारशील तर मला मातीच बरी वाटते. लहानपणी आमची कुत्री, मांजरं, एक लंगडी शेळीसुद्धा माझ्या बापाने परसात पुरली होती. माती दिली की माणूस मोकळा होतो. आगीचं मला भय वाटतं, खोटं कशाला बोलू. पण म्हटलं, पुरलेलं हलत नाही. जमीन ज्याची, कुत्रा त्याचा. राखेचं तसं नसतं. राख उचलता येते, मांडीवर घेऊन बसमध्ये बसता येतं. एवढं सुचलं आणि मला अगं इतकं बरं वाटलं की मी भरल्या डोळ्यांनी चहा टाकला.

शेजारचा रंगारी आहे ना, त्याला हाक मारली. त्याच्या गाडीत मागे रंगाचे डबे, वर शिडी बांधलेली. ढब्बूला गुंडाळायला काय घ्यावं म्हणून कपाट उघडलं तर चिरंजीवांचा तो मऊमऊ गाऊन, रविवारी पेपर वाचताना घालून मोठ्ठा जमीनदार असल्यासारखे बसतात तो. तोच घेतला. रंगारी म्हणाला, काकू, साहेब ओरडतील. मी म्हटलं, ओरडू दे, त्याला तेवढंच येतं.

जनावरांची दहनाची जागा गावाबाहेर गोदामांच्या रांगेत आहे. तिथला माणूस बघायला हवा होतास. केसांना तेल, आवाजाला त्याहून जास्त. ढब्बू झोपलाय आणि उठेल अशा बेताने कुजबुजत होता. आपलं बाळ, आपलं बाळ करत मला एका खोलीत घेऊन गेला, तर तिथे कलश मांडलेले. फुलपाखरांचे, बदामाच्या आकाराचे, एकावर तर कुत्र्याला पंख काढलेले. मी म्हटलं, भाऊ, हा जन्मभर चपला खात होता, पंख कोणाला लावता? मग कामाचं तेवढं विचारलं त्याने, की एकट्याला जाळायचं की इतरांबरोबर. इतरांबरोबर जाळलं तर राख परत मिळत नाही. मी म्हटलं, एकट्यालाच, आणि राख मला साध्या पत्र्याच्या डब्यात द्या, झाकण घट्ट बसेल असा. तोंड एवढंसं झालं त्याचं. भट्टीचं दार लावलं तेव्हा मात्र मी डोळे मिटून घेतले. रंगाऱ्याने दंड धरला. तो आणि मी, दोघंच होतो. तुझी आणि पिटुकलीची फार आठवण आली.

शनिवारी चिरंजीव आले आणि त्यांच्या मागोमाग हमालाच्या डोक्यावर दगड आला. तिकडूनच सांगून ठेवला होता. दगड आला, खाली कुत्रा नाही. मी सांगितलं, जाळला. पहिले तर बोलताच येईना त्याला, माझ्या आयुष्यात एवढी शांतता मी या घरात अनुभवली नाही. मग सुरू झाला. माझ्या परवानगीशिवाय, माझ्या कुत्र्याला, माझ्या गाऊनमध्ये. राख कुठे आहे म्हणून सगळं घर उलथंपालथं केलं. माझी ट्रंक उचकली, पलंगाखाली बॅटरी मारली, रंगाऱ्याच्या दारात जाऊन त्याला पोलिसांची भीती घातली. डबा स्वयंपाकघरात फळीवर, साखर आणि मीठ यांच्या मध्ये. ज्याला या वयात घरातलं मीठ कुठे असतं ते ठाऊक नाही, त्याच्यापासून लपवायला तिजोरी कशाला हवी? पाणी प्यायला आत आला, डब्यासमोर उभा राहून गटागट प्यायला आणि गेला. मी पदर तोंडात कोंबला, नाहीतर हसू फुटलं असतं. दगड चपलांच्या कपाटापाशी पडलाय. काल ठेचकाळला त्यावर.

आता मुद्द्याचं. काल रात्री जेवताना तो एकदम गोड झाला. म्हणाला, जाऊ दे आई, झालं ते झालं. कुत्रा नसला तरी तू आहेस ना. पिटुकलीचा तुझ्यावर जीव आहे, आजीसाठी तरी येतीलच त्या. आणि भाताचा घास घेतला. म्हणजे बघ, ढब्बू सुटला आणि गळ रिकामा ठेवायचा नाही म्हणून याने त्यावर मला लावलं. मी उठले. ताट उचललं, भांडी घासली आणि मागच्या दारी बसून हे लिहायला घेतलं. रंगारी उद्या तुझ्या भागात कामाला जातोय, चिठ्ठी तोच आणून देईल. पिटुकलीला ढब्बूचं तू चिठ्ठी वाचलीस की लगेच सांग, बापाच्या तोंडून कळू देऊ नकोस. परवा चिरंजीव ऑफिसात गेले की रंगारी मला गाडीत बसवणार आहे. डबा मांडीवर असेल, ट्रंक मागे शिडीखाली. परत यायचं मी ठरवलेलं नाही. कुत्रं चालेल असं घर तू मुद्दाम एवढं लांब शोधलंस, हे मला ठाऊक आहे. म्हातारी चालते का, तेवढं घरमालकाला विचारून ठेव. नाही म्हणाला तरी मी निघणारच आहे, पण विचारलेलं बरं.

तुझीच,
पिटुकलीची आजी