कोपऱ्यातला ढीग

प्रिय ढेकळ्या,

फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेऊन बसले. आधीचे तीन फाडले, कारण दुसऱ्याच ओळीत माझा आवाज चढत होता. हाही चढेल, पण या वेळी फाडणार नाही. सोमवारी तो मातीचा ढीग न्यायला ट्रक यायच्या आत हे तुझ्या हातात पडायला हवं, म्हणून तुझ्या बायकोकडे देते आहे.

बाबांच्या वाफ्यांत या वेळी घेवडा उगवलाच नाही. तीनदा बी टोकलं त्यांनी, गुडघा धरून, वाकून. आता बियाण्याच्या दुकानदाराला दोष देत बसतात. मी रोज गप्प बसते आणि माझा जीव नुसता जळतो. बी चांगलं होतं रे. तू उतार काढून जमीन सपाट केलीस, तेव्हा वरची काळी माती मशीनने कोपऱ्यात लोटलीस आणि बाबांना खालची पिवळी ठेवलीस. ते घसरून पडू नयेत म्हणून केलंस, हे मला ठाऊक आहे. म्हणून तर आणखी चीड येते. वाईट हेतूने केलं असतंस तर निदान मनसोक्त भांडता आलं असतं.

वर तुझं ते एकच पालुपद, "मातीच तर आहे, ताई." मातीच! प्रयोगशाळेत वीस वर्षं मी तीच चाळते, आणि मला माझ्या सख्ख्या भावाला तेवढंही सांगता आलं नाही. खाली खडक असतो. उन्हाने, थंडीने, पाण्याने तो तडकतो, त्याचा मुरूम होतो. मुरुमाची झीज होऊन बारीक माती होते, वरून झिरपलेली चिकणमाती तिच्यात साठते. तीच तुझी पिवळी. तिच्यावर पानं कुजतात, मुळं मरतात, गांडुळं वरखाली करतात, तेव्हा कुठे काळा थर धरतो. बोटाच्या एका पेराएवढा थर व्हायला शेकडो वर्षं लागतात. आपल्याकडे वीतभर होता. तुला तो काढायला एक सकाळ पुरली, मधे चहाही झाला.

नमुन्यासाठी आम्ही खड्डा खणतो तेव्हा प्रत्येक थराची माती वेगळ्या ताडपत्रीवर ठेवतो आणि बुजवताना सगळ्यात खालची आधी टाकतो. हे माझ्या इतकं अंगवळणी पडलं आहे, की कुणाला सांगावं लागतं हेच मी विसरले होते. आणि आता कोपऱ्यातला तो काळ्या मातीचा ढीग तू कुणाच्या तरी बागेच्या भरावाला देऊन टाकतोयस, जागा अडते म्हणून. देऊ नकोस. एकदा गेला, की बाबांच्या हयातीतच काय, आपल्या नातवंडांच्याही हयातीत तिथे तसा थर धरणार नाही.

एवढं सगळं लिहून खरी गोष्ट मागेच राहिली. त्या कामाच्या आदल्या दिवशी तू मला फोन केला होतास. उतार काढू का, कसा काढू, असं विचारलं होतंस. माझ्यासमोर नमुन्यांची रांग होती. मी म्हणाले, "डोकं खाऊ नकोस, तुझं काम तुला कळतं ना?" आणि दोन दिवसांनी तुझ्या माणसांसमोर तुला अडाणी म्हणाले. बाबांनी मला विचारलं, त्याने तुला विचारलं होतं का? मी नाही म्हणाले. तू तिथेच उभा होतास आणि एक शब्दही बोलला नाहीस. तेव्हापासून तू घरी आला नाहीस, आणि तू का येत नाहीस हे बाबांना कळत नव्हतं. आज सकाळी मी त्यांना खरं सांगितलं. ते म्हणाले, "मला नको सांगूस, त्याला सांग." म्हणून हे पत्र. माझं चुकलं, ढेकळ्या. रविवारी मशीन घेऊन ये. ती काळी माती वाफ्यांवर न दाबता, हलक्या हाताने पसरणं मला जमणार नाही, ते तुलाच जमतं.

तुझीच,
खोटं बोललेली ताई