भाऊसो चौगुले यांची सही

५ जानेवारी २००४, सोमवार

संकल्प: रोज लिहायचं. थोडक्यात, मुद्द्याचं. बायकोला, म्हणजे प्रीतीला, दाखवायचं नाही. तिला हसायला निमित्त लागत नाही.

आज आण्णांनी केबिनमध्ये बोलावलं. फौंड्री त्यांची, त्यामुळे बसा म्हणाले नाहीत तरी चालतं. मालाबरोबर जाणारं टेस्ट सर्टिफिकेट आता हातानं लिहायचं नाही. सर्व्हरमधूनच छापून यायला हवं, वर कंपनीचा लोगो, खाली क्वालिटी इनचार्जची सही. गिऱ्हाईक परदेशी आहे, त्याला सगळं पीडीएफमध्ये लागतं. मी म्हणालो, आठवड्यात होईल. आण्णा म्हणाले, "व्हय न्हवं? मग झालं." एवढा विश्वास.

आमचा सर्व्हर मिडरेंज, आणि तो सांभाळणारा मी. पीसी नव्हे, आणि मोठ्या बँकेत असतो तसा राक्षसही नव्हे. कपाटाएवढा, काळा. पगार, इन्व्हॉइस, स्टॉक सगळं त्याच्या पोटात. अक्षरं छापायला वाघ आहे. चित्र छापायला त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच.

७ जानेवारी, बुधवार

पहिली पीडीएफ प्रिंटरला पाठवली. प्रिंटरनं ट्रेमधला कागद संपेपर्यंत छापलं. पानापानावर टक्के, कंस, डॉलर आणि कुठल्याच भाषेत नसलेली अक्षरं. लोगो नाही, सही नाही.

मीटिंगमध्ये सांगितलं की सर्व्हर आणि प्रिंटर यांच्यात बोलणं सुरू झालेलं आहे. ते खोटं नव्हतं.

९ जानेवारी, शुक्रवार

नाइलाजानं पुण्याला फोन. सर्व्हरच्या सपोर्टला प्रसेनजीत नावाचा इंजिनिअर आहे, आवाजावरून कॉलेजातला वाटतो. म्हणाला, तुमच्या प्रिंटरला पीडीएफ समजत नाही, सर्व्हरनंच ती प्रिंटरच्या भाषेत करून द्यायला हवी. त्याचं सेटिंग बंद आहे, चालू करा. मला हा संशय होताच. चालू केलं. लोगो आला. जरा आडवा ताणलेला, पण आला.

शिवाय सगळ्या सह्यांच्या फोल्डरचा बॅकअप घेऊन ठेवला. हे त्यानं सांगितलं नव्हतं, मला सुचलं. अनुभव म्हणतात तो हा.

१२ जानेवारी, सोमवार

रूपाली कांबळेची सही स्कॅन केली. डिसेंबरपासून क्वालिटी तिच्याकडे आहे. एमएस्सी, केमिस्ट्री. प्रश्न फार विचारते.

सर्टिफिकेट छापलं. सहीच्या जागी काळा चौकोन, आणि त्या काळ्यात पांढऱ्या रेघांनी सही. उलटी छापली गेली, निगेटिव्हसारखी. हे किरकोळ. रूपालीनं कागद उजेडाला धरला आणि म्हणाली, "सर, ही माझी न्हाय."

भा. रा. चौगुले. शेवटच्या 'ले'ला मागे ओढलेली लांब रेघ.

रूपालीच्या आधी क्वालिटी भाऊसोंकडे होती. ते डिसेंबरात गेले. सकाळच्या शिफ्टला निघताना, दारात बूट घालता घालता. नोव्हेंबरातच माझ्या टेबलाशी उभं राहून त्यांनी स्कॅनसाठी सही करून दिली होती. तीन-चार कागद फाडले. मग एक पुढं सरकवून म्हणाले, "ही घ्या. ही माझी."

टेक्निकल चूक आहे. सहीचं चित्र सर्व्हरवर दोन ठिकाणी असेल. उद्या बघतो.

१५ जानेवारी, गुरुवार

काळ्याचं पांढरं केलं. आता सही अगदी खरी वाटते. भाऊसोंचीच.

दुपारी लाइट गेली. सगळे जेवायला. सर्व्हर रूममध्ये मी एकटा, डबा उघडलेला. लाइट आली तसा प्रिंटर आपोआप घरघरला आणि एकामागून एक सर्टिफिकेट बाहेर येऊ लागली. सगळ्यांवर भाऊसोंची सही, सगळ्यांवर आजची तारीख.

मी पळालो नाही. वेगानं बाहेर आलो. डबा आतच राहिला.

नंतर आठवलं की सकाळी अडकलेली कामं रांगेत होती, लाइट आल्यावर ती छापली जाणारच. शास्त्र आहे त्यात. डबा मात्र धोंडुबाईंना आणायला सांगितला. त्या झाडायला जाणारच होत्या.

१६ जानेवारी, शुक्रवार

मोल्डिंगच्या पोरांत बोलणं सुरू झालंय. भाऊसोंचा जीव त्या लॉटमध्ये अडकलाय म्हणतात.

तो लॉट म्हणजे ब्रेक ड्रमचा. जायच्या आदल्या दिवशी भाऊसोंनी एक ड्रम कापून बघितला, आत पोकळी निघाली, त्यांनी सगळ्या लॉटवर लाल फुल्या मारल्या. घरी गेले ते गेलेच. नंतर आण्णा रूपालीला म्हणाले, एखाद्यात पोकळी असती, पास कर. तिनं आणखी ड्रम कापले, त्यांतही तेच. पास करायला नाही म्हणाली. तेव्हापासून लॉट यार्डात पडून आहे.

मी अंधश्रद्ध नाही. हे इथं लिहून ठेवतो.

१८ जानेवारी, रविवार

जोतिबाला जाऊन आलो. प्रीती म्हणाली, अचानक कसं काय? म्हटलं, बरेच दिवस मनात होतं. नारळ फोडला. गुलालाची पुडी घेतली, ऑफिससाठी. सर्व्हरला नवीन वर्षात अजून काही वाहिलेलं नाही.

१९ जानेवारी, सोमवार

चिमूटभर वाहणार होतो. पुडी एकदम मोकळी झाली. सर्व्हर समोरून हवा आत ओढतो हे मला माहीत आहे, पण इतक्या जोरानं ओढत असेल असं वाटलं नव्हतं.

लाल दिवा. मग पिवळा. मग सगळेच बंद. डिस्पॅच थांबलं, गेटपास हातानं लिहिले.

प्रसेनजीतनं फोनवर विचारलं, फिल्टरवर धूळ आहे का, कुठल्या रंगाची? मी म्हणालो, लाल. आमच्याकडे माती लाल. तो म्हणाला, फोटो पाठवता? मी म्हणालो, कॅमेरा दुरुस्तीला आहे.

संध्याकाळपर्यंत ब्लोअरनं साफ केला. सुरू झाला. माझ्या कानात अजून गुलाल आहे.

२२ जानेवारी, गुरुवार

आज मुळाशी जायचं ठरवलं. टेस्टिंगला एखादा लॉट लागतो. चालू लॉट घेतला तर डिस्पॅचचा घोळ होईल, म्हणून विचार करून तो फुलीवाला ब्रेक ड्रमचा लॉट घेतला. तो कुठं जाणारच नाहीये. रिझल्टचा रकाना रिकामा ठेवला तर मशिन पुढं जाऊ देत नाही, म्हणून 'पास' टाकलं. नुसतं टेस्टिंगपुरतं.

दिवसभर छापली. लोगो सुरेख, रकाने सरळ, अक्षरं ठळक. सही भाऊसोंची. रूपालीची सही परत स्कॅन केली, परत टाकली, जुनी पुसली. तरी भाऊसोंची. पुसलेली मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलीय. मग येते कुठून?

प्रिंट ट्रेमध्येच राहिल्या. उद्या आवरतो.

२४ जानेवारी, शनिवार

मीनावहिनी आल्या होत्या. भाऊसोंच्या बायको. लॅबमधला त्यांचा चष्मा आणि डबा न्यायला. रूपाली फर्नेसवर होती म्हणून मी त्यांना माझ्याकडे बसवलं, चहा सांगितला. काय बोलावं कळेना. गप्प बसण्यापेक्षा बरं म्हणून त्यांना नवीन सिस्टिम दाखवली. बटण दाबलं, कागद आला, आणि सवयीनं मी तो त्यांच्या हातात दिला.

देताना लक्षात आलं. तोवर उशीर झाला होता.

त्यांनी कागद मांडीवर सरळ केला. रेघेवरून बोट फिरवलं. मग वरची तारीख बघितली. वाचता येतं त्यांना. मग अगदी साधेपणानं विचारलं, "भावजी, हे कवा आलते?"

मी त्यांना दोन फोल्डर, सेटिंग, रांग सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "सही ह्यांचीच हाय. पर ह्यांनी केली न्हाय." कागद घडी न घालता टेबलावर ठेवला आणि चष्मा पदरात गुंडाळून गेल्या. चहा तसाच.

प्रीतीला हे सांगितलं नाही. जेवण गेलं नाही. डाळीत मीठ जास्त होतं, त्यामुळे.

२७ जानेवारी, मंगळवार

सुट्टीनंतर पहिला दिवस. जरा उशिरा पोचलो. गेटवर रूपाली स्कूटी चालू ठेवून उभी. म्हणाली, सर, बसा मागं.

ट्रक गेला होता. ब्रेक ड्रमचा लॉट घेऊन. डिस्पॅचला ट्रेमध्ये सर्टिफिकेट मिळालं, पास लिहिलेलं, खाली सही. आण्णांनी कागद बघितला आणि म्हणाले, भाऊसोनं पास केलाय तर भरा की. तारखेकडे कुणी बघितलं नाही. फुल्यांवर काळा रंग मारून माल चढवला.

हायवेला स्कूटीवर मागं बसणं मला जमत नाही हे आज कळलं. मी वाटेत तिला सांगितलं की हा दोष सिस्टिमचा नाही, वापरणाऱ्यांचा आहे. वाऱ्यात तिला ऐकू गेलं नसावं. परत सांगितलं. तिनं मागं न बघता विचारलं, "सर, त्यो ड्रम घाटात फुटला तर वापरणारा कोण?"

ट्रक वाठारला चहाच्या टपरीपाशी सापडला. गुंडू ड्रायव्हर बाकड्यावर बशीत चहा ओतत होता. रूपालीनं गाडी परत घ्यायला सांगितली. तो म्हणाला, कागद पक्का हाय की बाई, चौगुल्यांची सही हाय. आणि वरच्या खिशातून काढून दाखवला. तिनं विचारलं, "चौगुले कधी गेले, ठावं हाय तुम्हाला?" गुंडू म्हणाला, "म्हंजे काय. मातीला गेलतो की मी." आणि मग तारीख वाचली. बशी तशीच खाली ठेवली. कागद त्यानं माझ्या हातात दिला, स्वतःकडे ठेवायला तयार नव्हता.

येताना मी ट्रकमधून आलो. कागद माझ्या मांडीवर. खिडकी उघडी होती. उडून गेला असता तर बरं, असं मनात आलं. पण घट्ट धरून ठेवला.

२८ जानेवारी, बुधवार

आण्णा चिडले. रूपालीवर. माल गेटबाहेर गेलेला परत आणतात का, कागद होता की. ती म्हणाली, "कागद व्हता आण्णा. माणूस न्हवता." आण्णा खुर्चीत मागं टेकले. भाऊसो आणि ते एका वर्गात होते, मंगळवार पेठेतल्या शाळेत. मग म्हणाले, फोडून भट्टीत घाला सगळा लॉट.

मग माझ्याकडे वळून विचारलं, पास कुणी लिहिलंतं? मी म्हणालो, ते फील्ड मँडेटरी आहे. आण्णांना इंग्रजी फारसं येत नाही, त्यामुळे विषय तिथंच संपला असावा. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं, एवढंच.

३० जानेवारी, शुक्रवार

प्रसेनजीत फोनवर. त्यानं माझ्याकडून एक यादी स्क्रीनवर काढून घेतली. सर्व्हर चित्र कुठकुठल्या फोल्डरमध्ये शोधतो, ती. सगळ्यात वर माझा बॅकअप. सर्व्हर आधी तिथं बघत होता, तिथं इनचार्जची सही म्हणून भाऊसो सापडत होते, पुढं जायची त्याला गरजच नव्हती. त्यानं विचारलं, हा बॅकअप यादीत वर कुणी टाकला? मी म्हणालो, आमच्याकडे बरेच लोक सिस्टिमला हात लावतात.

सर्व्हरचा पासवर्ड माझ्या एकट्याकडे असतो. त्यानं ते विचारलं नाही.

आता फक्त बॅकअपमधलं ते भाऊसोंच्या सहीचं चित्र पुसायचं बाकी होतं. मशिननं विचारलं, नक्की? असं ते प्रत्येक वेळी विचारतं. आज उत्तर द्यायला वेळ लागला. ही घ्या, ही माझी. प्रसेनजीत पुण्याहून हॅलो हॅलो करत होता. मी म्हणालो, लाइन खराब आहे. मग बटण दाबलं.

एसी जोरात होता, त्यानं डोळ्यांतून पाणी आलं. एसीचं तापमान वाढवायला सांगायचं.

२ फेब्रुवारी, सोमवार

आज फायनल डेमो. आण्णा, डिस्पॅच, रूपाली, सगळे. सर्टिफिकेट छापलं. लोगो गोल, रकाने सरळ, आणि खाली रूपाली कांबळेची सही, स्वच्छ, काळी. मी बाजूला होऊन उभा राहिलो, टाळ्या वाजल्या तर वाजाव्यात म्हणून.

रूपालीनं सही बघितली. म्हणाली, सर, चांगली आलीय. आता ही काढा. मी विचारलं, का? म्हणाली, "मी रजेवर असले, नोकरी सोडली, मेले, तरी ही सही करत राहील. मला न्हाई ठेवायची माझी सही ह्यात. मी पेनानं करीन, माल बघून." मी तिला मशिनचा वेग समजावून सांगणार होतो. आण्णा म्हणाले, "काढा."

काढली. एका मिनिटात निघाली. आता मशिनला कुठं काय शोधायचं ते बरोबर कळतं.

नवीन पद्धत अशी: सर्टिफिकेट छापायचं, ते घेऊन लॅबला चालत जायचं, रूपाली माल बघून येईपर्यंत थांबायचं, सही झाली की डिस्पॅचला नेऊन द्यायचं. नेणारा कोण, यावर चर्चा झाली नाही. सगळे माझ्याकडेच बघत होते.

आज तीन वेळा लॅबला गेलो. दोनदा ती फर्नेसवर होती, बाकड्यावर बसून राहिलो. हातात कागद, खाली सहीची चौकट. चारी रेघा सारख्या, कुठं डाग नाही, कुठं तुटलेली नाही. इतकी स्वच्छ रिकामी चौकट आमच्या सर्व्हरनं आजवर छापली नव्हती.