आतून लावलेली कडी

सोमवार, ३ तारीख
‘आधी कोण ते विचारायचं, मगच कडी काढायची,’ असं आई मला लहानपणी बजावायची. आज कामाच्या पहिल्याच दिवशी ते आठवून हसू आलं. माझं काम तेच तर आहे! लोक घरच्या कॉम्प्युटरवरून ऑफिसात शिरणार. त्यांच्यासाठी व्हीपीएनची बंद वाट बांधायची. दाराशी पहाऱ्याला फायरवॉल. ज्याच्याकडे स्वतःची किल्ली, म्हणजे गुप्त आकड्यांची फाइल, तोच आत. माझ्या जागेवरचे आधीचे काका काम करता करता याच खुर्चीत गेले. साहेब म्हणाले, बदलून देऊ का खुर्ची, फार चिवट होते ते! मी म्हटलं, राहू दे, छान उबदार आहे.

बुधवार, ५ तारीख
सगळ्यांना किल्ल्या करून दिल्या. स्वतःची करायचा मात्र कंटाळा आला. काकांची जुनी पडून होती; तिच्यावरचं नाव काढून माझं घातलं. चालली की! असं करू नका, हे मीच सगळ्यांना सांगत फिरते. पण आता घरून काम करता येईल. दृष्टी गेल्यापासून आई दिवसभर एकटीच, माझ्या आवाजाकडे कान लावून बसलेली असते.

शुक्रवार, ७ तारीख
पडद्यावर माझं नाव दिसतंय. घरून जोडलेलं. मी तर इथे, ऑफिसात.
आईला फोन करून विचारलं, कॉम्प्युटर कोणी लावलाय? ती हसली. म्हणाली, अगं, सकाळपासून आतल्या खोलीत टकटक करतेयस, जेवायलाही उठली नाहीस, आणि वर मलाच फोन करून विचारतेस?

शुक्रवार, दुपार
माझ्या नावाची किल्ली रद्द केली. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून मीच बाहेर फेकले गेले. घरची जोडणी तशीच – किल्ली मुळात काकांचीच ना. साहेबांना फोन लावला, तर म्हणाले, अहो, आत्ताच तर घरून फोन केलात तुम्ही, तब्येत बरी आहे ना?
फायरवॉलला माणूस दिसत नाही, किल्ली दिसते. आणि आईला फक्त आवाज –

संध्याकाळ, जिन्यात
बेल वाजवली. आईने विचारलं, कोण? म्हटलं, मीच गं.
 ती म्हणाली, माझी मुलगी घरात आहे, माझ्या शेजारीच बसलीय.
आणि आतून माझाच आवाज – आई, उघडू नकोस –
कुलूप उघडलं, पण आतून कडी आहे. तिनेच शिकवलेलं. ती नाही ऐकायची. तरी –
आई, खरंच मी आहे. माझं ऐक, एकदाच कडी काढ, तुझ्या शेजारी जे बसलंय ते –