वरचं दूध

पनवेल,
१२ ऑक्टोबर १९९३

ती. सौ. आईस मितालीचा शि. सा. न. वि. वि.

बाळंतपण आटोपून महाडहून सासरी आले, पण मन थाऱ्यावर नाही. अथर्वला पाजून खाली ठेवलं की पुन्हा रडतो. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, चार महिने फक्त अंगावर पाजा, पाणीसुद्धा नको. सासूबाई म्हणतात, या उकाड्यात आपला घसा सुकतो, त्या जिवाला तहान लागत नाही का? शेजारणी येतात, बाळाच्या मांड्या चाचपतात आणि ‘अंगावर पुरत नसेल’ म्हणून निघून जातात. काल ह्यांनी न विचारताच पावडरचा डबा आणला. फळीवर ठेवलाय, पण नजर सारखी तिकडेच जाते. त्यातून दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत रुजू व्हायचंय. आई, मला दूधच कमी आहे का गं?

तुझी,
मिताली

महाड,
१८ ऑक्टोबर १९९३

चि. मितालीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून घास उतरेना. इथे तर बाळ पिऊन तट्ट होऊन झोपायचं! रडण्याचं म्हणशील तर ते तुझ्यावर गेलंय. तू सुरू झालीस की शेजारी रेडिओ मोठा करायचे. डबा उघडावा की नाही, हे मी इथून काय सांगू? डॉक्टरीणबाईंकडे जा, पण सासूबाईंना घेऊन जा. एकटी गेलीस तर घरी येऊन तुलाच वकिली करावी लागेल. अळिवाचे लाडू पाठवतेय, वाटू नकोस.

काळजीत असलेली,
तुझी आई

पनवेल,
२८ नोव्हेंबर १९९३

सौ. विहीणबाईंना आशालताचा सप्रेम नमस्कार.

मिताली शाळेच्या तयारीत आहे, म्हणून मीच लिहिते. तुम्ही सुचवलंत तशी मी दवाखान्यात गेले, खरं तर भांडायलाच. डॉक्टरीणबाईंनी मितालीला समोर बसवून पाजायला सांगितलं. बाळ जरा कुठे प्यायलं, तर ही पदर सावरून उठायला लागली. घाई कसली, असं त्यांनी विचारलं. ही म्हणाली, कुणीतरी हाक मारेल.

हाक मारणारी मीच की हो! कधी कुकर, कधी पाहुण्यांचा चहा. पोराचं पोट भरेपर्यंत तिला बसूच देत नव्हते. कुमारच्या वेळी मीही अशीच, हाकेकडे कान लावून पाजायची. लवकरच वरचं दूध सुरू केलं. मला दूध कमी होतं की वेळ, कोण जाणे.

आता ती पाजायला बसली की मी दाराशी बसते. कुमार चहा करतो, वाईट करतो. डबा त्यानेच कुरकुरत दुकानात परत केला. अथर्वने बाळसं धरलंय.

पण उद्या शाळा उघडते आणि मला आजपासूनच काही सुचत नाही. मधल्या सुट्टीत बाळाला तिच्याकडे न्यायचं ठरवलंय. मुख्याध्यापिकांना विचारलं, तर म्हणाल्या, शिक्षकांच्या खोलीत पुरुष मास्तर असतात, बरं दिसत नाही. मी म्हटलं, मग मास्तरांना घटकाभर बाहेरची हवा खाऊ द्या. त्या हसल्या नाहीत, हो म्हणाल्या नाहीत.

तरी उद्या मी जाणार. खोली मिळाली तर ठीक, नाहीतर शाळेच्या पायरीवर मितालीला बसवीन आणि पुढे मी उभी राहीन. पोराला उपाशी परत आणणार नाही.

लोभ आहेच, तो उद्या जरा जास्त असू द्या.

आपली,
आशालता